चारशे बारा वेळा हो

"मशीन इचारते, तं खरंच सांगा लागते," प्रेमदास म्हणायचा.

सेलूपलीकडच्या एका लहान टेलिफोन एक्स्चेंजमधला हा लाइनमन. अठ्ठ्याण्णव साली तिथं कॉम्प्युटर आला. रोज सकाळी काळ्या पडद्यावर एकेक नंबर उमटायचा, खाली प्रश्न: लाइन ठीक आहे? वाय की एन? असे चारशे बारा नंबर. दुसरा कुणी असता तर वायवर बोट ठेवून चहा पीत बसला असता. प्रेमदास प्रत्येकाला फोन लावायचा.

"कमलाबाई, ऐकू येऊन राह्यलं का?"

"येते नं बाप्पा! भाजी करपून राह्यली, ठेव!"

मग वाय. शेवटचा नंबर एक्स्चेंजचाच, तक्रारीच्या फोनचा. तो समोरच्या पीसीओवरून लावायचा आणि घंटी वाजतेय तोवर धावत येऊन स्वतःच उचलायचा. तोवर संध्याकाळ झालेली असे. दुसऱ्या सकाळी मशीनचा संशय पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांना अहवाल सकाळी दहाच्या आत हवा होता. नाही मिळाला तर प्रेमदासची रवानगी गोदामात. त्यांनी नागपूरहून कॉम्प्युटर शिकलेल्या नंदिनीला पाठवलं. तिनं दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला: प्रश्न दिसला की वाय. पडद्यावर वायची रांग मुंग्यांसारखी धावली. चार मिनिटं.

"पन इचारलं कोनाले?"

"कोनालेच नाई, काका. म्हणून तं लवकर झालं."

पंधरा दिवस प्रेमदास स्टुलावर बसून होता. तक्रारवही कोरी. तक्रारीचा फोन गप्प. साहेबांचं कौतुकाचं पत्र आलं. नंदिनीनं ते भिंतीवर चिकटवलं.

सोळाव्या दिवशी कमलाबाई घामाघूम होऊन दारात उभी.

"काऊन रे, जिता हायेस का? मले वाटलं, गेला बिचारा!"

"तुमचा फोन?"

"कायचा फोन! खांब पडला तवापासून अख्खी आळी मुकी हाय. सांगाले पीसीओवर गेलती, तं तुमचाच नंबर लागत नाई."

प्रेमदासनं तक्रारीचा फोन कानाला लावला. आत विहिरीसारखी शांतता. पडद्यावर त्याच नंबरपुढे वाय होता.

त्यानं प्रोग्राम थांबवला आणि तिथं एन दाबलं. मशीननं विचारलं: नक्की?

"काका, उद्या साहेब येऊन राह्यले," नंदिनी हळूच म्हणाली. "तुमचं गोदाम पक्कं होईन."

प्रेमदासनं वाय दाबलं. खुंटीवरचं तारेचं वेटोळं खांद्यावर टाकलं, आणि कमलाबाईच्या आळीकडे चालू लागला.