अखंड फरशी

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण जोड या गोष्टीचा त्यांना मनापासून राग. पाठीला जोड दिसला की कापड तरी कमी पडलं किंवा शिंप्याचं डोकं, असं ते तोंडावर सांगत. गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर. त्यामुळे घरच्या फरशीचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलं, तेव्हा लेकीनं कपाळाला हात लावला.

फरशी बदलणं मात्र भागच होतं. बायकोची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती; घर ती तळपायांनीच ओळखायची. मध्यंतरी ती दाराजवळच्या उखडलेल्या फरशीला अडखळून अशी पडली, की तीन आठवडे अंथरुणाला खिळली. पुन्हा पडली तर हातची जाईल, ही धास्ती मास्तरांनी घेतली होती. गवंडी परवडणारा नव्हता, पण जुन्या फरशीवरच चिकटवायची व्हिनाइलची गुंडाळी स्वस्तात मिळत होती. दुकानदार म्हणाला, "दोन पट्टे घ्या, मध्ये जोड द्या, सोपं पडेल." मास्तरांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्यानं मोठी गुंडाळी काढायला गेला.

बायकोला त्यांनी सगळं समजावून दोन दिवस लेकीकडे धाडलं. खड्डे सिमेंटनं भरले. वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून अख्ख्या खोलीचा खाका काढला, चौकटीला वळसा दिला, कडेनं दोन बोटं माया सोडली आणि एका दमात कापलं. खोलीभर एकच सलग तुकडा बसला. कुठे सांधा नाही की सुरकुती नाही. मास्तरांची छाती फुगली.

लेकीचा हात धरून बायको आली. चपला काढून तिनं पाऊल आत टाकलं आणि लगेच मागे घेतलं.

"कुणाचं घर गं हे?"

"अगं, आपलंच," मास्तर हसत म्हणाले. "नवी फरशी. सांगितलं होतं ना?"

ती लेकीच्या कानाशी वाकली. "हळू बोल. आवाज अगदी ह्यांचा काढतो."

लेकीनं नाना परीनं समजावलं आणि संध्याकाळी ती रडत आपल्या घरी गेली. बायको दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली, ती बसलीच. झोप आली तर तिथेच कलंडायची. मास्तरांशी मात्र अदबीनं वागायची.

"जरा पाणी मिळेल का? आमचे हे वाट बघत असतील हो."

मास्तरांनी शिलाई मशीन ओढत तिच्यापुढे आणलं. तिनं चाकावरून, सुईवरून बोटं फिरवली.

"आमच्यासारखंच आहे," ती म्हणाली. "सगळं अगदी आमच्यासारखं जमवलंत तुम्ही. कशासाठी?"

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी आपल्याच खोलीत ते चोरासारखे बसले. ती म्हणते तो दुसरा माणूस कुठेतरी जुन्या फरशीवर बसून तिची वाट बघत असेल, असं त्यांना खरंच वाटू लागलं. आधी त्या माणसाचा हेवा वाटला, मग भीती.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, आईला कायमची माझ्याकडे आणते. तिथे ती वेडी होईल."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कटर घेतलं. उंबऱ्यापासून पलंगापर्यंत दोन हात रुंदीचा पट्टा त्यांनी कापून उपटला. मग छिन्नी घेऊन दाराजवळच्या त्या फरशीतलं सिमेंट फोडून काढलं. जिनं बायकोला पाडलं होतं, ती फरशी स्वतःच्या हातानं पुन्हा उघडी केली.

त्यांनी न बोलता तिला उठवलं आणि पट्ट्यावर उभं केलं. स्वतः बाजूला व्हिनाइलवर उभे राहिले. एक पाऊल, दुसरं, आणि तिचा अंगठा त्या फरशीच्या कोपऱ्याला अडकला. ती झोकांडली. मास्तरांनी हात पुढे केला. ती सावरली आणि तिचा चेहरा उजळला.

"आले बाई एकदाची."

ती सरळ चालत पलंगावर जाऊन बसली. "अहो, कुठे आहात?"

"इथेच आहे," मास्तर व्हिनाइलवरूनच म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, लवकर या," ती भलत्याच दिशेला ओरडली. "तो माणूस माझ्यामागे आत शिरलाय."

मास्तरांनी पायाखालच्या व्हिनाइलकडे पाहिलं. मग अलगद पाय उचलून पट्ट्यावर आले. "आलो," ते म्हणाले.

तिनं त्यांची बाही घट्ट धरली. "आधी दार लावा."

मास्तरांनी दार लावलं.

ती आता त्यांच्याच घरात राहते. मास्तर पट्ट्यावर उभे राहिल्याशिवाय बोलत नाहीत. उरलेल्या खोलीत जावंच लागलं, तर खोकलासुद्धा दाबतात. तरी कधी नव्या फरशीवर पाऊल वाजतं, ती दचकते आणि श्वास रोखून बसते. मास्तर पट्ट्यावर येतात, तिच्याजवळ बसतात.

"गेला का हो तो?" ती विचारते.

"गेला," मास्तर सांगतात.