गठडीतली गोळी

कोन गावचा दौलत पडघ्याजवळ कासमशेठच्या कापडाच्या गोदामावर वीस वर्षं वॉचमन. खांद्यावर परवान्याची बारा बोअरची बंदूक, आणि खोकला असा दमदार की तिची गरज पडू नये. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि आभाळात एक बार, हा त्याचा रिवाज.

यंदा टेम्पोवाल्या प्रितेशनं मोबाईल काढला. "तर मित्रांनो, आज आपण बघणार आहोत, गोळी कशाकशानं अडते," असं नाकातून बोलत त्यानं गोदामामागच्या भिंतीला चहाचं पातेलं टेकवलं. गोळी आरपार. मग बसायचा पाट. तोही आरपार.

"मामा, तुमच्या गोळीला कायच अडवत नाय."

"आपल्या भिवंडीचं कापड अडवंल," म्हणत दौलतनं रवाना व्हायच्या मालातली एक गठडी आडवी लावली. बार झाला. भिंतीवर नवा ओरखडा नाही. गोळी आतच. बंदुकीवरचा हार गळ्यात घालून दौलत चक्क नाचला. मग वेष्टनाचं भोक त्यानं चिकटपट्टीनं बुजवलं. एका जागी बोटभर भोक असेल, तेवढं कापून टाकतील, असं त्याला वाटलं. शंभर मीटर कापडाचा एकेक तागा मीटर-मीटरच्या घड्या घालून रचतात हे त्यानं वीस वर्षं पाहिलं होतं. पण त्या दिवशी डोक्यातली घडी काही उलगडली नाही.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. वरचाच तागा उघडला, तर दर मीटरला एक भोक. गठडी परत.

गठडी बांधायच्या आधी कापड टेबलावर ओढून दोष तपासायचं काम कामतघरच्या सुरैयाचं. शेठ तिच्यावर घसरले. "शंभर मीटरला शंभर भोकं, समजला ना, आणि तुला एक दिसत नाय? माल परत आला की बघतो तुला ठेवायची का. तोवर टेबलाला हात लावू नको, समजला ना."

दोन दिवस ती गेटवरच्या बाकड्यावर बसून राहिली. दौलतच्याच शेजारी.

"मामा, माझे डोळे गेले काय हो? काल दहा वेळा सुईत दोरा ओवून बघितला. दहाही वेळा ओवला."

दौलतनं सांगायला तोंड उघडलं आणि "च्या घेतेस?" एवढंच बाहेर पडलं. तिनं घेतला, वर "तुम्हीच एक विचारता" म्हणाली.

गठडी आली ती प्रितेशच्याच टेम्पोतून. "मामा, हात घालून गोळी काढा. उंदरांनी खाल्लं म्हणतील."

दौलतनं हात घातलाही. सहाव्या ताग्यात शिसं बोटाला लागलं. मुठीत मावलं असतं.

"उंदीर मीटर मोजून खात न्हाय रं," तो म्हणाला आणि गठडी तशीच डोक्यावर घेऊन सुरैयासमोर उतरवली. तागे त्यानंच उचलले. चपटी गोळी बाकड्यावर पडली.

सुरैयानं ती उचलून बघितली. "कधीपासून ठाऊक होतं?"

"दसऱ्यापासून."

"मी तुमचा चहा पीत होते, तेव्हा पण?"

"तेव्हाबी."

ती उठली, ओढणी सारखी केली. "शेठ आत हाय. तुम्ही पुढं चला, मी मागून येते. मधेच वळलात तर मला दिसेल."