वाचता येईल असं नाव

"हात सैल सोड, दादा. जाळं ओढतोयस काय?" समोरच्याच्या मनगटाखाली तळवा धरून तो म्हणायचा. श्रीवर्धनला आमच्या घराशेजारी त्याचं टॅटूचं दुकान होतं. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. तोंडाने चेष्टा चालू, डोळे मात्र कामावरून हलत नाहीत.

पर्यटक पिसं, फुलपाखरं काढून घेत. कोळीवाड्यातले खलाशी डाव्या हातावर नाव आणि गाव मागत. कशासाठी, ते कोणी बोलत नसे. बुडालेला माणूस कुठल्याही किनाऱ्याला लागतो. तिथल्यांना निदान नाव वाचता यावं.

त्याचं पहिलं मशीन लहान मोटरचं. स्ट्रोक, म्हणजे सुई वरखाली जाण्याचं अंतर, अडीच मिलिमीटर. पर्यटकांच्या मऊ कातडीवर छटा भरायला ते उत्तम. त्याच मशीनने त्याने सख्ख्या मोठ्या भावाचं नाव काढलं. भावाची कातडी उन्हाने, खाऱ्या पाण्याने राठ झालेली. सुई टेकली की मोटरचा आवाज बसायचा. व्होल्ट वाढवले तर फेरे वाढले, सुईचा जोर तेवढा वाढला नाही. शाई वरवर राहिली आणि नाव पुसट होत गेलं.

"परत काढू या," तो म्हणायचा.

"बघू रे नारळी पुनवेआधी. घाई काय हाय?"

भाऊ बुडाला. प्रेत खूप दक्षिणेला लागलं. पोलिसांच्या वर्णनात 'डाव्या हातावर निळसर डाग' एवढंच होतं. आम्ही पोचलो तोवर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार उरकले होते. ओळख पटवली ती फोटोवरून.

मग त्याने दमदार मोटरचं, चार मिलिमीटर स्ट्रोकचं मशीन घेतलं. पर्यटकांना परत पाठवू लागला. जखमेला खारं पाणी लागू नये म्हणून मासेमारी बंद असते त्या महिन्यांत नावं काढायची, बस्स. मोटरचा आवाज आता बसत नसे. चेष्टा थांबली. काम झालं की मला दारात उभं करायचा.

"काका, तिथून वाचा."

मी मोठ्याने वाचायचो.

गेल्या वर्षी, त्याने नाव काढलेल्या एका खलाशाचं प्रेत परक्या गावात सापडलं. पोलिसांनी हातावरचं वाचून फोन केला, घरच्यांनी त्याला गावी आणलं. मी दुकानात जाऊन सांगितलं.

"गावाचं नावही वाचता आलं?"

"तेही."

त्याने मशीनची वायर काढली, गुंडाळली.

"काका, मी काढलेली सगळी नावं मला पाठ हायत. वारा सुटला की एकेक आठवतं."

त्याच आठवड्यात तो गाव सोडून गेला. कुठे, ते माहीत नाही. अजूनही होड्या पाण्यात लोटायच्या आधी एखादा खलाशी येतो आणि डाव्या हाताची बाही सारून त्या बंद शटरसमोर उभा राहतो.