खिशातला नट

स्कूटरचं जळकं ऑइल डब्यात उतरायला लागलं, की त्या वासानं मला लग्नाचं पहिलं वर्ष आठवतं. आमच्या ह्यांनी मोटारसायकलचं जुनं ऑइल काढलं आणि वाळवी लागू नये म्हणून ते गोठ्याच्या खांबांना फासायला गेले. तेवढीच मदत म्हणून मी नव्या ऑइलचा डबा आख्खा इंजिनात ओतला. सगळं ऑइल खालून मातीत गेलं.

"खालचा नट माज्या खिशात हाय," ते येऊन म्हणाले. मी रडकुंडीला आले. ते मातीकडे बघत हसले. "आता हितं वाळवी न्हाई लागायची."

ते वारल्यापासून ऑइल मीच बदलते. नट आधी घट्ट बसवते, थेंबही सांडत नाही. आज मात्र तो नट मुठीत धरून गोठ्याकडे बघत बराच वेळ बसून राहिले.