टेपवर न आलेली गल्ली

निळा लाइट लागला, स्टेजवरचे सगळे थांबले, बास गिटारचा एकच सूर घुमत राहिला आणि पहिल्या रांगेत बसलेले मोरूकाका हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी कन्सोल सोडून पाण्याची बाटली घेऊन धावले.

साउंड चेक चालू होता. म्हणजे कार्यक्रमाआधी एकेक वाद्य वाजवून बघायचं आणि कुणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं. मी साउंड इंजिनिअर आहे. आमचं घर बनारसमध्ये दुर्गाघाटावर. घराण्यात पिढ्यान्पिढ्या मंत्र म्हणत आले, मी ‘हॅलो, चेक, वन टू’ म्हणते. कार्यक्रम होता एका धर्मशाळेच्या अंगणात. अंगणाला कमरेइतका कठडा आणि कठड्याखाली मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाणारी गल्ली.

स्टेजवर होते चार जण. पुण्याचा निखिल कीबोर्डवर, गोव्याची रेशेल सॅक्सोफोनवर, शिवाय एक ड्रमर आणि एक बासवाला. हे लोक जॅझ फ्यूजन वाजवतात. फ्यूजन म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आमच्याकडे फ्यूजन म्हणजे एक सतारवाला, एक परदेशी पाहुणा, दोघांची आदल्या दिवशी ओळख, आणि मग स्टेजवर एकमेकांकडे बघून तासभर हसणं. पण या चौघांनी सकाळी पहिली दहा मिनिटं वाजवली आणि माझी आठी आपोआप गेली. ते गाणं सुटं करत होते, त्याचं हाड न् हाड वेगळं ठेवत होते आणि परत जोडत होते. जोडल्यावर गाणं तेच असायचं, फक्त जरा उंच झालेलं वाटायचं.

गाणी मात्र त्यांची नव्हती. ती होती ‘लंगडा’ची.

लंगडा हा आमच्या मोहल्ल्यातला बँड. नाव आंब्यावरून घेतलेलं. मी फ्रॉक घालत होते तेव्हा ही मुलं कॉलेजात होती. त्यांचा होता जॅम बँड. म्हणजे गाणं ठरलेलं, पण ते कुठे वळणार आणि कधी संपणार हे वाजवणाऱ्यालाही माहीत नसायचं. आज दहा मिनिटं, उद्या पाऊण तास. गिटार वाजवत गायचा त्रिलोकी, बास वाजवायचे मोरेश्वर काळे, म्हणजे आमचे मोरूकाका. ब्रह्माघाटावर राहणारे, पुढे रेल्वेत कारकून झालेले. ड्रमर पुढे परदेशी गेला तो गेलाच. मणिकर्णिकेच्या वाटेवरच्या गल्लीत त्रिलोकीच्या घराचा चबुतरा होता, त्यावर बसून दर रविवारी संध्याकाळी वाजवायचे. आई म्हणायची, या पोरांमुळे गल्लीतल्या म्हशी आटल्या. म्हशी आटल्या नव्हत्या, पण आईचा राग खरा होता.

त्यांची एक कॅसेट तेवढी राहिली. तिच्या कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या, कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली आणि पुण्यात निखिलच्या कानावर पडली. तो वेडाच झाला. वर्षभर त्याने ती गाणी उतरवून काढली, आपल्या पद्धतीने बांधली आणि ठरवलं की ती बनारसमध्येच वाजवायची आणि तिथेच लाइव्ह रेकॉर्ड करायची.

आधी मात्र मोरूकाकांनी हो म्हणायला हवं होतं. त्रिलोकी त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेला होता. मोरूकाका तेव्हा नागपूरला मुलीकडे होते, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. काशी कुणासाठी थांबत नाही. सकाळी गेलेला माणूस दुपारी चितेवर असतो. चाळीस वर्षांपासूनच्या दोस्ताला काकांना खांदा देता आला नाही. परत आले ते थेट बास खोळीत घालून माळ्यावर टाकूनच बसले. त्यानंतर लंगडाचं नाव काढलं की म्हणायचे, “ते तर संपलं ना.”

निखिलने मला साफ सांगितलं होतं, “ताई, काका नको म्हणाले तर आम्ही यातलं एकही गाणं वाजवणार नाही.” मी काकांच्या घरी खेटे घातले. शेवटी ते म्हणाले, साउंड चेकला येतो, ऐकतो, मग सांगतो. आणि आता ते हसत होते. निखिलचा चेहरा पांढरा पडला.

काका पाणी प्यायले आणि डोळे पुसत त्यांनी विचारलं, “हे मध्ये काय आहे रे? सगळे चूप का झालात?”

निखिलने अदबीने समजावलं. ‘उस पार’ या गाण्यात कॅसेटवर ही जागा आहे. गाता गाता त्रिलोकी अर्ध्या ओळीवर थांबतात, गिटार थांबते, ड्रम थांबतात, फक्त बास राहतो, एकाच सुरावर. बावीस आवर्तनं. मग सगळे परत, त्याच अर्ध्या ओळीपासून. निखिलला ही जागा सगळ्या कॅसेटमध्ये सर्वांत थोर वाटली होती. त्याने तिला नाव दिलं होतं ‘शून्य’. काशी, मृत्यू, मौन असं काहीबाही त्याने कार्यक्रमाच्या पत्रकातही छापलं होतं. निळा लाइट त्यासाठीच होता.

मोरूकाका म्हणाले, “अरे बाबा, मुर्दा जात होता.”

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्या गल्लीतून दिवसभर तिरड्या जायच्या. बनारसमध्ये तिरडी आली म्हणून कुणी हातातली कचोरी खाली ठेवत नाही. पण त्रिलोकीचा एक नियम होता. तिरडी दिसली की गाणं बंद करायचं नाही, वाजवतही राहायचं नाही. बास तेवढा एका सुरावर धरून ठेवायचा, बाकीचे गप्प. तिरडी कोपऱ्यावर वळली की त्रिलोकी मान हलवायचा आणि गाणं जिथे सोडलं तिथूनच पुढे निघायचं. लहानपणी मी हे अनेकदा पाहिलं होतं. तिरडीमागून येणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. एकदोन जण तर चालता चालता बासच्या सुराला सूर लावून ‘राम नाम सत्य है’ म्हणायचे.

“पण टेपवर तर काहीच ऐकू येत नाही,” रेशेल हिंदीत म्हणाली.

याचं उत्तर माझ्या धंद्यातलं होतं. ती कॅसेट होती बोर्ड टेप. म्हणजे मिक्सरमध्ये जी वायर शिरते तेवढंच तिच्यावर उतरतं. बासची वायर होती, गिटारची होती, माइक होते. गल्लीची वायर नव्हती. शिवाय तिरडी आली की त्रिलोकी आणि ड्रमर आपापल्या माइकचं बटण बंद करायचे. त्यामुळे टेपवर गल्ली नाही, माणसं नाहीत, घोष नाही. बास तेवढा राहिला. ऐकणाऱ्याला ते मौन वाटलं, यात त्याची काही चूक नव्हती.

निखिल कीबोर्डच्या स्टुलावर बसला. “म्हणजे आम्ही वर्षभर एका अंत्ययात्रेची प्रॅक्टिस केली?”

“आणि चांगली केलीत,” मोरूकाका म्हणाले. “आम्ही एवढी साफ नाही केली कधी.”

ते चेष्टेत म्हणाले नव्हते. स्टेजपाशी जाऊन त्यांनी प्रत्येकाला काही ना काही सांगितलं. ड्रमरला म्हणाले, आमचा ड्रमर खरंच लंगडत वाजवायचा, तू तोच लंगडेपणा तालात बसवलास, कमाल आहे. रेशेलला म्हणाले, त्रिलोकी वरच्या सुराला जाताना आधी जरा खाली पाय ठेवून मग उडी मारायचा, तू तेसुद्धा उचललंस, बेटा. ती रडवेली झाली. मला काकांचं आणि या पोरांचं, दोघांचंही फार कौतुक वाटलं. न बघितलेल्या माणसाचा श्वास टेपवरून उचलणं ही काही लहान गोष्ट नाही.

निखिल पडलेल्या आवाजात म्हणाला, “काका, ती जागा काढून टाकतो. आता तिला अर्थ नाही.”

काकांचं हसू गेलं. “काढू नका. मोजू मात्र नका.”

“मग परत सुरू कधी करायचं?”

“त्रिलोकी मान हलवायचा.”

मग काका म्हणाले, “मी बसतो समोर. मी हलवीन.”

हाच त्यांचा होकार होता. निखिलने निळा लाइट रद्द केला, पत्रकांचा गठ्ठा खुर्चीखाली सरकवला. मी एक जादा माइक काढला आणि कठड्यावर गल्लीकडे तोंड करून लावला. या वेळी गल्लीची वायर मिक्सरमध्ये जाणार होती.

कार्यक्रम उन्हं कलल्यावर सुरू झाला. आयोजक तिवारीजींची एकच अट होती, घाटावरच्या आरतीची घंटा वाजायच्या आत आमचे स्पीकर बंद. ‘उस पार’ शेवटचं होतं. चौघं असे वाजवत होते की मला कन्सोलवर काही कामच उरलं नव्हतं. चांगल्या वादकांचं हेच असतं, आवाज कुणी कमी करायचा ते त्यांचं तेच ठरवतात. रेशेल त्रिलोकीची ओळ वाजवत वर चढली आणि अर्ध्यावर थांबली. ड्रम थांबले. कीबोर्ड थांबला. बासचा सूर राहिला.

सगळ्यांचे डोळे मोरूकाकांवर. काकांनी मान हलवली नाही.

बावीस आवर्तनं कधीच उलटली असतील. लोक आधी चित्रासारखे बसले, मग खुर्च्या करकरू लागल्या. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, गाणं संपलं असं वाटून. बासवाल्याच्या कपाळावर घाम आला, पण त्याचा हात ढळला नाही. मी कठड्यापलीकडे पाहिलं. गल्ली रिकामी होती. एरवी तिथे तिरडीमागून तिरडी असते, आणि त्या घटकेला एक सांड तेवढा उभा होता.

तिवारीजी माझ्या कानाशी आले. “दीदी, आरती का टाइम हो रहा है. अब धीरे से बंद कर दीजिए.” कन्सोलवर प्रत्येक आवाजाची एक सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. बासचा फेडर माझ्या बोटाखाली होता. हळूच खाली घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, “रुकिए. मिट्टी जा रही है.” मिट्टी म्हणजे आमच्याकडे प्रेत. त्यांनी वाकून गल्लीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बनारसचे होते. त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला आणि उभे राहिले.

तेव्हा मोरूकाका उठले. चपला फरपटत कठड्यापाशी गेले. खाली कुणी नव्हतं. त्यांनी हात जोडले, मग उजवा खांदा जरा खाली केला आणि कठड्याच्या कडेकडेने मणिकर्णिकेच्या दिशेने सावकाश चालत गेले. आमच्याकडे ओळखीची तिरडी दिसली की माणूस हातातलं काम टाकून चार पावलं खांदा देतो, तसेच. अंगण संपलं तिथे ते थांबले. गल्लीचा कोपरा तिथून दिसतो. तो कोपरा रिकामा होईपर्यंत ते बघत राहिले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांनी वळून मान हलवली.

रेशेल त्याच अर्ध्या ओळीपासून निघाली, त्याच सुरावरून, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. गाणं संपलं आणि घाटावर आरतीची घंटा झाली. तिवारीजी काही झालं तरी तिवारीजीच, मला म्हणाले, “देखिए, टाइम पर हो गया.”

मोरूकाकांनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बास काढला. खोळीवरची धूळ झटकायला मलाच बोलावलं.

रेकॉर्डिंग मी मिक्स करून पाठवलं. पंधरा दिवसांनी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतून एका मुलाचा फोन आला. शेवटच्या गाण्यात मध्ये फार लांब काहीच होत नाही, ते कमी करता येईल का? आणि तिथे काहीतरी फरपटल्याचा आवाज येतोय, तो नॉइज काढता येईल का?

मी त्याला सांगितलं, लांबीचं निखिलला विचार. नॉइज माझ्या अखत्यारीतला आहे, तो राहील. त्या चपला आहेत.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना मी आता एकच गोष्ट शिकवते. वाजवणारे अचानक गप्प झाले तर फेडरला हात लावायची घाई करू नये. आधी कोण चाललंय ते बघावं.