भिंगकाकांचा स्वतःचा रिपोर्ट

भिंगकाका आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेणार नाहीत, हे दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. घरातले झोपलेत. काळजी करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे आमच्याकडे सर्वमान्य आहे. ही काळजी नेहमीसारखी नाही असं मला वाटतंय खरं, पण तसं मला दर वेळीच वाटतं. म्हणून आधी नीट लिहून काढते.

भिंगकाका हे नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं. चौकातल्या लॅबमध्ये ते एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. मुलगी सहा वर्षांची असताना तिला ताप आला, तीन दिवसांनी उतरला, तरी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मशीननं प्लेटलेट मोजल्या एकोणीस हजार. निदान दीड लाख हव्यात. लॅबमधल्या मुलीनं आकडा डॉक्टरांना कळवला आणि त्यांनी मला फोन करून सांगितलं, रिपोर्ट घ्या आणि थेट ॲडमिट करा. कपड्यांची पिशवी, मुलगी आणि मी, अशा आम्ही तिघी लॅबमध्ये पोचलो.

आतल्या खोलीच्या दारात जाड चष्म्याचा, पांढऱ्या कोटाचा एक माणूस उभा राहून मुलीकडे बघत होता. ती बाकावरून खाली उड्या मारत होती. त्यांनी तिचे गुडघे पाहिले, हिरड्या पाहिल्या. दात घासताना रक्त येतं का, कुठे निळं-काळं पडलंय का, असं मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "ताई, एकोणीस हजारवाली मुलगीही अशी धडधाकट दिसू शकते. पण आधी मी स्वतः बघतो. दहा मिनिटं द्या मला."

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही डोळा लावायला लावला. कडेला बारीक ठिपक्यांचे घडच्या घड होते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट त्याच औषधात एकमेकींना चिकटतात आणि मशीनला सुट्या मोजता येत नाहीत. त्यांनी निळ्या झाकणाच्या नळीत, वेगळ्या औषधात, नवं रक्त घेतलं आणि लगेच मशीनला लावलं. दोन लाख दहा हजार. डॉक्टरांना त्यांनीच फोन केला, घडांबद्दल सांगितलं, आणि आम्ही पिशवी न उघडता घरी आलो. मुलीच्या हातात त्यांनी एक कार्ड दिलं होतं: 'हिच्या प्लेटलेट जांभळ्या नळीत चिकटतात. निळी वापरावी.' ती आता एकोणीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात शिकते आणि ते कार्ड पाकिटात घेऊन फिरते.

त्या दिवसापासून मी काकांना सोडलं नाही. कुणाचाही रिपोर्ट आला की मी त्यांच्या बाकावर. ते आधी विचारायचे, ही तपासणी कशासाठी केली, आणि आकडा वेगळा आला असता तर काय वेगळं केलं असतं? दुसऱ्या प्रश्नावर मी बहुतेक वेळा रिपोर्टची घडी करून तो पर्समध्ये ठेवायची.

त्यांची एक वही होती. मशीननं प्लेटलेट कमी दाखवल्या की मशीनचा आकडा, काचपट्टीवर डोळ्यांना काय दिसलं ते, आणि माणसाला खरंच रक्तस्रावाची काही खूण होती का, हे तीन रकाने भरायचे. साहेबांनी सांगितलं नव्हतं, पगारात धरलं जात नव्हतं. एकदा नव्या मशीनचा विक्रेता आला, अठ्ठ्याण्णव टक्के अचूक म्हणाला. काकांनी विचारलं, कुणावर तपासलं? तो म्हणाला, अडीचशे लोकांवर. "अहो, पण कसल्या लोकांवर? धडधाकट पोरं आणि अगदीच आजारी माणसं, एवढीच घेतली असतील तर ती मीही नुसत्या डोळ्यांनी ओळखतो. मधली माणसं होती का?" तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

म्हणजे ते नुसते संशयी होते असं मात्र नाही. एका रखवालदाराचा आकडा असाच कमी आला, तेव्हा हेही घडच असणार म्हणून लॅबमधले बाकीचे हसत होते. काचपट्टीवर एकही घड नव्हता आणि त्याच्या नडग्यांवर कातडीखाली रक्त झिरपल्याचे बारीक लाल ठिपके होते. काका कोट न काढता त्याच्याबरोबर इस्पितळात गेले. आकडा एकटा बघायचा नाही, त्याच्या शेजारी माणूस उभा करून बघायचा, असं ते म्हणायचे.

माझ्यावरही त्यांनी विनोद करून ठेवलाय. "ताई, तुमची काळजी ही एक चाचणी धरली, तर ती सगळ्यांनाच पॉझिटिव्ह येते. अशा चाचणीचा उपयोग काय?" मी दुखावले नाही. खरंच होतं ते.

आज दुपारी मी मुलीच्या निकालाचे पेढे नाही, नुसती बातमी घेऊन त्यांच्या घरी गेले, कारण काकांनी हल्ली गोड सोडलंय. त्यांनी गमतीनं एक कागद पुढे केला. वयाच्या नेहमीच्या तपासणीत शौचात रक्ताचा अंश सापडला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली. काका म्हणाले, अशा पॉझिटिव्हवाल्यांपैकी बहुतेकांच्या आतड्यात काही गंभीर निघत नाही. महिनाभरानं हीच तपासणी पुन्हा करीन, निगेटिव्ह आली की विषय संपला.

मी कागद परत दिला आणि चहाचे कप उचलून आत गेले. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? पण स्वयंपाकघरात काकूंनी हळू आवाजात सांगितलं, यंदा त्यांच्या पँटी दोनदा आत घ्याव्या लागल्या. जिन्यात मधल्या पायरीवर थांबतात, चक्कर येते म्हणून. गोड काही सोडलेलं नाही, भूकच गेलीय. "डॉक्टरांना मात्र म्हणाले, मला काहीही त्रास नाही."

बहुतेकांचं काही निघत नाही, हे त्या सगळ्या जमावाबद्दल खरं असेल, ज्यातले बहुतेक जण धडधाकट असतात. वजन उतरलेला, जिन्यात चक्कर येणारा माणूस त्या जमावातला नाही. आणि रक्त काही रोज झिरपत नाही. महिन्यानं निगेटिव्ह आली तरी आजची पॉझिटिव्ह पुसली जाणार नाही. एवढं मला कळतं, कारण तेरा वर्षं मी त्यांच्याच बाकावर बसलेय. काकांनी डॉक्टरांना आकडा दिला आणि माणूस लपवला.

डॉक्टरांना परस्पर कळवावं असंही मनात आलं. पण त्यांनी माझ्या मुलीबद्दलचं सगळं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मीही तसंच करायला हवं.

सहाला ते उठतात. सव्वासहाला मी फोन करणार आहे. मला काळजी वाटते हे सांगणार नाही. पँटी, जिना, भूक, एवढं सांगेन. काकूंचं नाव घ्यावं लागेल. रागावल्या तर रागावोत. आणि डॉक्टरांकडे जाताना मी सोबत येतेय, किती वाजता निघायचं, तेवढं विचारेन.