सब ठीक, मॅडम

टेम्पोत शेवटी यांची काळी ट्रंक चढली आणि सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातलं. "आता कशाला भ्यायचं? लेक आता बॉर्डरवर न्हाई," म्हणाल्या. वन्सं, तुम्ही शेजारीच उभ्या होतात. साताऱ्याकडच्या आपल्या गावात घरटी एक फौजी. फोन वाजला की काळजात कसं धस्स होतं, ते तुम्हाला मी काय सांगू! तुमचे दादा तोफखान्यातून पेन्शनीवर आले, चाकणच्या कंपनीत सिक्युरिटीला लागले, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटते! इथे सांगवीत दोन खोल्या आहेत, पोरीचं कॉलेज जवळ आहे. पण हे मोटारसायकलवरून चाकणला जायचे आणि तो रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. दोन्ही अंगांनी कंटेनर, मधून आपला माणूस. एकदा मी मागे बसले होते. मोशीला सिग्नल सुटला, हॉर्न कोकलायला लागले, आणि हे तसेच. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. मी पाठीवर थापा मारत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "सुटला का सिग्नल?" घरी आल्यावर यांनीच मला बजावलं, कुठे बोलायचं नाही, नोकरी जाईल.

त्याच सुमारास एका दवाखान्यात माजी सैनिकांवर अभ्यास सुरू झाला. तोफांच्या धडाक्यात वर्षं काढल्यावर डोक्यावर काय परिणाम होतो, ते डॉक्टरांना शोधायचं होतं, म्हणजे नीट उपचार करता येतील. जुने सोबती गेले म्हणून हेही गेले, मी बरोबर. डॉक्टरबाईंनी विचारलं, मध्येच भान जातं का? "सब ठीक, मॅडम." विसरायला होतं? "सब ठीक." खुर्चीत ताठ, फौजेतली वार्षिक तपासणी असल्यासारखे. तिथे दुखणं कबूल केलं की तब्येतीची कॅटेगरी खाली येते, बढती अडकते. ती सवय अंगात मुरलेली. बाहेर बाकावरचे सगळेच असे ठणठणीत, आणि बायका माना खाली घालून.

बाईंच्या ते ध्यानात आलं असावं. पुढच्या वेळी त्यांनी एकेका बायकोला एकटीला आत बोलावलं. माझ्यामागे दार लागलं. सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर एक दिवस मोशीवरून फोन येतो. मी सांगितलं, वन्सं. सिग्नलचं, जेवताना घास हातातच थांबतो त्याचं, सगळं.

गोळ्या सुरू झाल्या, मोटारसायकल बंद. आता हे बसने जातात. कंपनी कामावर ठेवते की नाही, ते अजून लोंबकळतंय. माझ्याशी बोलणं मात्र यांनी सोडलं. भिंतीकडे बघत जेवायचे. परवा पुन्हा तपासणी होती. बाईंनी विचारलं, आता कसं वाटतंय? यांची पाठ ताठ झाली, आणि हे गप्पच. डोळे तसेच, मोशीसारखे. मी पदर मुठीत आवळला. मग हे माझ्याकडे वळले.

"हिला विचारा, मॅडम. मला कळत नाही. भीती वाटते."

गावचं घर आपलंच आहे, वन्सं. पण त्या घरात यांच्या तोंडून भीती हा शब्द मी कधी ऐकला नाही. येताना बसमध्ये हे माझा हात धरून बसले होते, लोकांदेखत. मी अजून भितेच, पण आता दोघं मिळून भितो. सध्या माझं घर म्हणजे एवढंच आहे.